कावळा, फांदी आणि धर्माबादचं वॉरंट

ज्यांचा दीड जीबी डेटा दुपारीच संपतो, ज्यांना एसटीच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणं एपिसोडची ही लेखी आवृत्ती. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमतील तेवढे काढलेत. राहिलेले गोड मानून घ्या.

आजच्या एपिसोडमध्ये चार पात्रं आहेत. तेलुगू सिनेमातला एक अभिनेता. आंध्र प्रदेशचे एक मुख्यमंत्री. नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादचं कोर्ट. आणि गोदावरीवरच्या एका बंधाऱ्याची १४ दारं. या चौघांना एका दोरीत ओवणारी एक थिअरी २०१८ साली तेलुगू राज्यांमध्ये जाम गाजली होती. आणि गाव आपलं असूनही आपल्याकडं, लातूर-नांदेडात, ती फारशी कुणाला माहीत नाही!

मला अशा जोडण्या आवडतात. कुठला पिक्चर, कुठला पुढारी, कुठलं पाणी, आणि तिन्हीचा पत्ता एकच निघतो. पण आवडतात म्हणूनच आज एक काम करायचंय. यातल्या खऱ्या जोडण्या कुठल्या आणि ‘कावळा बसायला अन् फांदी तुटायला’ यातल्या कुठल्या, ते वेगळं करायचं.

(०१:५०) आधी व्हिडिओ

मार्च २०१८. आंध्रात चंद्राबाबू नायडू मुख्यमंत्री होते. विशेष राज्याच्या दर्जावरून त्यांचं केंद्र सरकारशी वाजलं होतं आणि १६ मार्चला त्यांचा तेलुगू देसम पक्ष एनडीएतून बाहेर पडला. त्याच महिन्यात अभिनेते सोंटिनेनी शिवाजी यांनी एक थिअरी मांडली. (तिकडं ते नुसते ‘शिवाजी’ म्हणून ओळखले जातात.) त्यांचा दावा असा की, एका राष्ट्रीय पक्षानं दक्षिणेतली राज्यं काबीज करायला ‘ऑपरेशन द्रविड’ आखलंय. त्यातही पोटभाग. आंध्र-तेलंगणासाठी ‘ऑपरेशन गरुड’, कर्नाटकसाठी ‘कुमार’, तमिळनाडू आणि केरळसाठी ‘रावण’. नावं ऐकली तरी पोस्टर डोळ्यासमोर येतं. पडताळून बघता येईल असा पुरावा मात्र त्यांनी दिला नाही. पुढं काय काय घडणार याची यादी दिली.

मग आला सप्टेंबर. नायडूंना लवकरच एक नोटीस येणार, असं शिवाजी यांनी सांगितलं. आणि थोड्याच दिवसांत बातमी फुटली, की नायडू आणि आणखी १५ जणांवर धर्माबादच्या कोर्टानं अजामीनपात्र वॉरंट काढलंय!

ऑक्टोबरमध्ये अजून एक. थिअरीत विरोधी पक्षाच्या नेत्यावर हल्ला होईल असं म्हटलं होतं. २५ ऑक्टोबर २०१८ ला विशाखापट्टणम विमानतळावर तेव्हाचे विरोधी पक्षनेते जगन मोहन रेड्डी यांच्यावर कोंबड्यांच्या झुंजीत वापरतात तसल्या छोट्या चाकूनं हल्ला झाला. झालं! ज्यांनी व्हिडिओ हसण्यावारी नेला होता, तेही आता तो पुन्हा काढून बघायला लागले. खुद्द मुख्यमंत्र्यांनी ऑपरेशन गरुडचा उल्लेख केला. काल-परवापर्यंत काठावर असलेली थिअरी अशी थेट राज्याच्या राजकारणाच्या मधोमध येऊन बसली.

दोन अंदाज, दोन्ही बरोबर. मग थिअरी खरी? थांबा. आधी धर्माबादला जाऊन येऊ.

(०४:३०) २०१० मध्ये धर्माबादला काय झालं होतं

धर्माबाद म्हटलं की मराठवाड्याला आठवते लाल मिरची. सिकंदराबाद-मनमाड लाईनवरचं स्टेशन. थोडं पुढं गेलं, की बासर. सरस्वतीचं मंदिर. आपल्याकडची कितीतरी घरं लेकराला पहिलं अक्षर गिरवायला तिथंच नेतात. बासर तेलंगणात. म्हणजे पाटी एका राज्यात विकत घ्यायची आणि दुसऱ्या राज्यात गिरवायची.

याच तालुक्यात बाभळी गावाजवळ गोदावरीवर बंधारा आहे. राज्याची हद्द तिथून साधारण ७ किलोमीटर. क्षमता २.७४ टीएमसी. खाली तेलंगणात श्रीरामसागर, म्हणजे जुनं नाव पोचमपाड, हे मोठं धरण आहे. तिकडच्यांची भीती साधी होती. वरच्यानं पाणी अडवलं तर खाली काय येणार? २००६ साली आंध्र प्रदेश सरकार या बंधाऱ्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं.

जुलै २०१० मध्ये नायडू विरोधी पक्षात होते. बंधारा ‘बघायला’ म्हणून ते आमदार-खासदारांचा ताफा घेऊन निघाले. जमावबंदी लागू होती. १६ जुलैला महाराष्ट्र पोलिसांनी त्यांना हद्दीत अडवून अटक केली. साठहून जास्त नेते! एवढ्या व्हीआयपी मंडळींना ठेवायचं कुठं? धर्माबादच्या सरकारी आयटीआयचं तात्पुरतं जेल झालं. जिथं पोरं फिटर आणि वायरमन व्हायला शिकतात, तिथं आंध्रचे माजी मुख्यमंत्री मुक्कामी. नंतर त्यांना औरंगाबादकडं हलवताना झटापट झाल्याचा आरोप आहे. २० जुलैला सगळ्यांना विशेष विमानानं हैदराबादला पाठवून दिलं.

आता तारखा बघा. २७ जुलै २०१० ला तेलंगणात विधानसभेच्या १२ जागांची पोटनिवडणूक होती. वेगळ्या तेलंगणाचं आंदोलन पेटलेलं होतं. ‘आम्हाला तेलंगणाच्या पाण्याची काळजी आहे’ हे दाखवणं तेलुगू देसमची गरज होती. निकालात ११ जागा टीआरएसनं आणि एक भाजपनं नेली. नायडूंच्या पक्षाला शून्य. पण मतदानाला ११ दिवस उरलेले असताना अटक करून घेण्यामागचं कारण कळायला कुठल्याही गुप्त ऑपरेशनची गरज पडत नाही. कॅलेंडर पुरतं.

(०७:४०) तीन प्रश्न

माझं पोटापाण्याचं काम सॉफ्टवेअरचं. सर्व्हर पडला की पहिली सवय म्हणजे लॉग उघडायचा आणि त्याच मिनिटाला दुसरं काय घडलं ते बघायचं. काहीतरी सापडतंच! रात्री २ वाजता सर्व्हर पडला आणि रात्री २ वाजताच कुठलातरी रिपोर्ट तयार झाला. पण एकाच वेळी घडलं म्हणजे एकामुळं दुसरं घडलं असं होत नाही. म्हणून आमच्याकडं कारण सांगणाऱ्याला तीन प्रश्न विचारतात. तेच इथं वापरू.

पहिला प्रश्न. तार कुठंय? म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणी, कुठल्या मार्गानं, काय केलं?

वॉरंटची तार सापडते, आणि ती अगदी कंटाळवाणी आहे. २०१० च्या आंदोलनावरून गुन्हा दाखल झाला. केस कोर्टात पडून होती. आरोपी तारखेला आले नाहीत की कोर्ट काय करतं? आधी समन्स. मग जामीनपात्र वॉरंट. मग अजामीनपात्र वॉरंट. चेक बाऊन्सच्या केसमध्ये तुमच्या गल्लीतल्या माणसालाही याच पायऱ्या असतात. म्हणजे आठ वर्षांची थकलेली केस स्वतःच्या चालीनं तिथपर्यंत येऊ शकते. आणि कोर्टातली केस काही तिजोरीतलं गुपित नसतं. वकील, कारकून, पक्षकार, पोलीस अशा कितीतरी लोकांच्या हातातून कागद फिरतो. कुणाला आधी कळलं तर ते भविष्य नसतं, ती फक्त लवकर कळलेली बातमी असते.

दुसरा प्रश्न. चुकलेले अंदाज कुठं गेले? मी आज म्हणालो, की यंदा पाऊस उशिरा येईल, कांदा महागेल, एखादा आमदार पक्ष बदलेल, एखादा पेपर फुटेल, तर वर्षाअखेरीस माझे दोन तरी अंदाज खरे निघणारच. तुम्ही त्या दोनचेच स्क्रीनशॉट ठेवाल. लांबलचक यादीतले लागलेले दोन व्हायरल होतात, बाकीचे कुणी मोजत नाही. जगन यांच्यावरच्या हल्ल्याचा तपास पुढं एनआयएकडं गेला. त्यामागं मोठा कट असल्याचं तपासात आढळलं नाही. हा भाग तुम्हाला कुणी फॉरवर्ड केला का?

तिसरा प्रश्न. ही थिअरी नसतीच, तरी हे घडलं असतं का? धर्माबादची केस २०१० ची, व्हिडिओ २०१८ चा. व्हिडिओ आला नसता तरी कोर्टातल्या तारखा पडायच्या तशा पडल्याच असत्या. पुढचं उदाहरण तर अजून स्वच्छ आहे. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्या आंदोलनातला गुन्हा रद्द करायची नायडूंची मागणी फेटाळली. तोवर ते पुन्हा एनडीएत आले होते आणि महिन्याभरात, १२ जूनला, पुन्हा मुख्यमंत्रीही झाले. ज्या बाजूनं २०१८ मध्ये ‘कट केला’ म्हणायचे, त्याच बाजूला आता नायडू बसलेले, आणि केस तरी चालूच! (एक लक्षात ठेवा. हे सगळे आरोप आहेत, निकाल नाही.)

तर वॉरंटवाला धागा आपल्या तिन्ही प्रश्नांत नापास. कावळा बसला, फांदी तुटली.

(११:१५) मोह आपल्यालाही होतो

तुम्ही म्हणाल, तेलुगू लोक फिल्मी आहेत, आपण नाही तसले. बरं. ही जोडणी बघा.

बाभळीच्या भांडणाचं मूळ एका करारात आहे. ६ ऑक्टोबर १९७५. महाराष्ट्र आणि आंध्र यांच्यात ठरलं, की पैठण, सिद्धेश्वर आणि निजामसागर या धरणांच्या खाली, पोचमपाडपर्यंतच्या खोऱ्यात महाराष्ट्राला नव्या कामांसाठी ६० टीएमसीपर्यंत पाणी वापरता येईल. तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री कोण? नांदेडचे शंकरराव चव्हाण. आणि जुलै २०१० मध्ये नायडूंना धर्माबादला अडवलं तेव्हा मुख्यमंत्री कोण? त्यांचे चिरंजीव अशोक चव्हाण!

आता यावर रील करायचं म्हटलं तर बॅकग्राउंड म्युझिक डोक्यात वाजायला लागतं. बापानं करार केला, पोरानं राखला. पण प्रश्न विचारा. नांदेड जिल्ह्यातून गोदावरी राज्याबाहेर पडते. त्या जिल्ह्यातला पुढारी पाण्यात लक्ष घालणार, हा धागा खरा. जमावबंदी मोडून येणाऱ्यांना अडवणं, हे मात्र त्या खुर्चीत कुणीही असतं तरी बहुतेक तसंच झालं असतं. म्हणजे जोडणी अर्धी खरी, अर्धी चित्रपट. दोन्ही अर्धे वेगळे ठेवता आले पाहिजेत.

(१३:००) मग खऱ्या जोडण्या कुठल्या?

भरपूर आहेत! आणि माझ्या मते कटाच्या थिअरीपेक्षा भारी आहेत.

एक. सिनेमा आणि राजकारण. नायडूंचे सासरे म्हणजे एन. टी. रामाराव. पडद्यावर राम आणि कृष्ण साकारणाऱ्या या नटानं २९ मार्च १९८२ ला तेलुगू देसम काढला, शेवरोले गाडीचा ‘चैतन्य रथ’ केला, आणि जानेवारी १९८३ मध्ये, अवघ्या नऊ महिन्यांत, मुख्यमंत्री झाले. नायडू स्वतः त्याआधी काँग्रेसच्या मंत्रिमंडळात सिनेमॅटोग्राफी खातं सांभाळत होते. इथं तार दिसते. ज्या समाजात नट थेट मुख्यमंत्री होतो, तिथं एका अभिनेत्याची राजकीय थिअरी लोक कान देऊन ऐकणार. शिवाजी यांचा व्हिडिओ का गाजला, त्याचं उत्तर १९८२ मध्ये आहे.

दोन. सीमारेषा आणि आपली भाषा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण सगळे निजामाच्या राज्यात. नंतरही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. मग भाषेवरून वाटण्या झाल्या. नांदेडचा मुधोळ तालुका आदिलाबादला गेला, देगलूरकडचा जुक्कल-बिचकुंदाचा भाग निजामाबादला. बासर तिकडं आणि धर्माबाद इकडं, हे त्या वाटणीमुळं. नांदेडचा रेल्वे विभाग कितीतरी वर्षांपासून सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेत. धर्माबाद, बिलोली, देगलूरच्या बाजारात तेलुगू कानावर पडते ती डब केलेल्या पिक्चरमुळं नाही, सोयरिकीमुळं. बाकी, २०२१ च्या ‘पुष्पा’चा हिंदी आवाज श्रेयस तळपदेचा, म्हणजे मराठी माणसाचा. आणि पुढच्या वर्षी गणपतीच्या मूर्तीसुद्धा पुष्पाच्या पोझमध्ये आल्या होत्या.

तीन. शेती आणि पक्ष. ५ फेब्रुवारी २०२३ ला तेलंगणाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी नांदेडला सभा घेतली. टीआरएसचं नाव बदलून बीआरएस केल्यावर राज्याबाहेरची ही त्यांची पहिली जाहीर सभा. घोषणा होती, ‘अबकी बार किसान सरकार’. परराज्यातला पक्ष नांदेडलाच का आला? कारण सीमेवरच्या काही गावांनी त्याआधीच ‘आम्हाला तेलंगणात घ्या’ अशी मागणी केली होती. तेलंगणात मे २०१८ पासून रयतू बंधू योजनेत एकरी, दर हंगामाला, ४,००० रुपये मिळत होते, नंतर ५,००० झाले. शेतीला २४ तास मोफत वीज होती. नदीपलीकडच्या पाहुण्याचं पासबुक बघितलं की इकडच्या शेतकऱ्याला हिशोब कळत होता. तार पासबुकातून जाते, बघा. डिसेंबर २०२३ मध्ये बीआरएसची तेलंगणातली सत्ता गेली आणि इकडचा जोरही ओसरला. पण मागणी करणाऱ्या गावांचे प्रश्न पक्षासोबत परत गेले नाहीत.

(१६:४०) या सगळ्यात हरवलं काय?

आता मुद्द्यावर. २८ फेब्रुवारी २०१३ ला सुप्रीम कोर्टानं बाभळीचा निकाल दिला. बंधारा महाराष्ट्राचा, तो राहील. पण अटी आहेत. दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर सगळी १४ दारं उघडी ठेवायची. पावसाळ्यातलं नदीचं पाणी अडवायचं नाही. आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. देखरेखीला तीन जणांची समिती. एक केंद्रीय जल आयोगाचा, एकेक दोन्ही राज्यांचा. दारं उघडताना दोन्हीकडचे अधिकारी हजर असतात.

लातूरकरांना टीएमसी समजावून सांगायची एक सोपी पद्धत आहे. २०१६ चा उन्हाळा आठवा. मिरजेहून ‘जलदूत’ गाडी आली होती. पहिल्या गाडीत १० वॅगनमधून ५ लाख लिटर पाणी आलं, पुढं ५० वॅगनच्या गाडीत २५ लाख लिटर. ०.६ टीएमसी म्हणजे साधारण १,७०० कोटी लिटर. म्हणजे ५० वॅगनच्या ६,८०० गाड्या! रोज एक गाडी धरली तर १८ वर्षांहून जास्त काळ. एवढं पाणी त्या एका तारखेला, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, दारातून खाली जातं.

निकाल चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. खालच्या शेतकऱ्यालाही पाणी लागतं, आणि आपली लातूरची मांजरासुद्धा फिरून फिरून शेवटी बाभळीच्या खाली, तेलंगणातल्या कंदकुर्तीजवळ, गोदावरीलाच मिळते. पण विचारण्यासारखे प्रश्न इथं आहेत. २८ ऑक्टोबरनंतर नदीला पाणीच उरलं नाही तर दारं बंद करून अडवायचं काय? परतीचा पाऊस आधीच संपला तर तारीख पुढं-मागं करता येईल का? वरच्या धरणांतून बाभळीसाठी पाणी सोडायचं का, आणि कुणाच्या वाट्यातून? नदीकाठी मोटार टाकलेल्या, रब्बीला हरभरा-गहू पेरणाऱ्या माणसाचं वर्ष या उत्तरांवर ठरतं.

आणि २०१८ मध्ये बाभळीचं नाव आठवडाभर टीव्हीवर गाजलं, ते कशासाठी? कट कुणी रचला यासाठी. कटाच्या थिअरीचं हेच मला खटकतं. ती खोटी निघते हा एक भाग. पण ती सगळं लक्ष खाऊन टाकते. गुप्त खलनायक शोधायच्या नादात, उघड्यावर पडलेली तारीख आणि आकडे कुणी वाचत नाही. पाणी कुणी गुपचूप नेत नाही हो. १ जुलैला, दिवसाढवळ्या, अधिकाऱ्यांच्या सहीनं जातं. त्यावर भांडायचं असेल तर निकालातल्या अटी वाचून भांडता येतं.

(२०:१०) जाता जाता

घरच्या ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड आला, ‘यामागे मोठा कट आहे, आधीच सांगितलं होतं’, तर वाद घालू नका. काका अपमान लक्षात ठेवतात, मुद्दा नाही. फक्त विचारा, ‘काका, हे याच्यापासून त्याच्यापर्यंत कसं पोचलं?’ आणि मग, ‘ह्या माणसाचे बाकीचे अंदाज काय होते?’ दोन प्रश्नांत काका स्वतःच शोधायला लागतात, हा माझा अनुभव आहे. आणि काकांच्या शोधण्यात तार खरंच सापडली, तर मान्य करायची तयारी ठेवा. काही कट खरेही असतात. ते कागदावर सापडतात.

शेवटी एक जोडणी निव्वळ मजेसाठी. धर्माबादच्या कोर्टाची नोटीस ‘आधीच सांगणारे’ अभिनेते शिवाजी मार्च २०२५ मध्ये एका तेलुगू पिक्चरमध्ये मंगपती नावाच्या भूमिकेत जोरात गाजले. पिक्चरचं नाव काय? ‘कोर्ट’! (आपल्या चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ वेगळा, तोही बघा.) तिन्ही प्रश्न लावून बघितले. तार काही सापडली नाही. कावळाच आहे तो.

धर्माबाद, बिलोली, उमरीकडचं कुणी ऐकत असेल तर एक काम करा. येत्या १ जुलैला बाभळीवर जमलं तर जा, आणि मला व्हॉइस नोट पाठवा. दारं उघडताना पाणी किती होतं, आणि तिथं उभे असलेले शेतकरी काय बोलत होते, एवढं सांगा. पुढच्या एपिसोडमध्ये लावतो.